शाळेच्या शेतात काय ठेवावं: प्रात्यक्षिक प्लॉट की प्रत्येक जोडीला एक वाफा?

आठवी-नववीला शेती हातानं शिकवायची तर बहुतेक शाळांपुढे दोन वाटा असतात. एकच प्लॉट, जिथे शिक्षक करून दाखवतात आणि मुलं गटानं काम करतात. किंवा दोघांत एक वाफा, टोकणीपासून काढणीपर्यंत त्यांचाच.

काही कामांना प्रात्यक्षिकच बरं. तासगावकडे द्राक्षाची छाटणी शिकवायची तर चालू वेलीवर मुलांची कात्री नको. छाटून पडलेल्या काड्यांवर सराव द्यावा, तोही आठ-दहा जणांच्या गटाला. हळदीची लागण उन्हाळी सुट्टीच्या आसपास येते आणि पीक आठ-नऊ महिने रानात राहतं, तेव्हा तीही सामाईक प्लॉटातच. कीटकनाशकाची फवारणी मात्र मुलांच्या हाती देऊच नये.

सामाईक प्लॉटाचं एक दुखणं मात्र फार खटकतं: तिथं चुकीला धनी नसतो. घेवडा टोकला, आठ-दहा दिवसांनी ओळीत नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, दिसल्या. बी फार खोल गेलं, पावसानंतर जमिनीवर पोपडा धरला, की टोकतानाच जागा सुटली? ती ओळ कुणी टोकली हेच सांगता येत नाही. मग नांग्या भरून घेतल्या जातात आणि कारण मातीतच राहतं. वाफ्यात ते शोधता येतं. शेजारचे वाफे नीट उगवले असतील तर एकाच पिशवीतल्या बियाण्याला दोष देता येत नाही. नांगीच्या जागी खुरप्यानं हळू उकरायचं, बी सापडलं की खोली पट्टीनं मोजायची. चार-पाच सेंटिमीटरच्या बरंच खाली असेल तर उत्तर मिळालं. बी सापडलंच नाही तर जागा सुटली किंवा पाखरानं उचललं.

खताचा हिशेबही वाफ्यावर पक्का होतो. हेक्टरी 25 किलो नत्र द्यायचं ठरलं तर 3 × 2 मीटरच्या वाफ्याला 15 ग्रॅम, म्हणजे सुमारे 33 ग्रॅम युरिया. मुलं हमखास 15 ग्रॅम युरियाच तोलतात. युरियात नत्र 46 टक्केच असतं, हे तिथं तराजूवर कळतं.

वाफ्यांना जागा लागते हे खरं. 40 मुलांना 20 वाफे, पायवाटा धरून दोनेक गुंठे. दिवाळीच्या सुट्टीत पाण्याची अडचण येते. पण कोरेगावकडचा वाघ्या घेवडा जूनअखेर टोकला तर त्याआधी निघतो, आणि सुट्टीनंतर मेथी घेता येते.

जागा अगदीच कमी असेल तर प्लॉटच सोयीचा ठरेल. एरवी माझा कल वाफ्याकडेच. फक्त प्रत्येक वाफ्याला खुंटी ठोकून पाटीवर टोकणीची तारीख, खोली आणि बियांची संख्या त्याच दिवशी लिहून घ्या. नंतर आठवून लिहिलेली खोली नेहमी पुस्तकातलीच निघते.