'डिअर एस्थर' की 'गॉन होम': आधी कुठला घ्यायचा?

बंदूक नाही, शत्रू नाही, गुण नाहीत, आणि दोन-तीन तासांत खेळ खलास. असल्या गेमला पैसे मोजायचे का? इंदूरला आमच्या भाच्याने दोन नावं हेरून ठेवलीत आणि ताईने पैसे एकाचेच मंजूर केलेत. "मावशी, समीक्षकांनी दोन्हींना चांगलंच म्हटलंय," हे त्याचं पालुपद. म्हटलंय खरं, पण एकसारखं नाही.

मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची 100 पैकी सरासरी काढणाऱ्या साइटवर, पीसी आवृत्तीला 'डिअर एस्थर'चे 75 आणि 'गॉन होम'चे 86. यावरून निकाल लावू नये. 75 हा आकडा भारावून गेलेले आणि वैतागलेले अशा दोघांच्या मधला आहे. 86 मध्ये वैतागलेले फारसे नाहीत, कारण ते सगळे त्याच साइटवर खेळाडू वेगळे गुण देतात त्यांत जाऊन बसलेत. तिथे 'गॉन होम' बराच खाली घसरतो.

'डिअर एस्थर' 2008 साली 'हाफ-लाइफ 2' या गोळीबाराच्या गेमचा फुकट मॉड, म्हणजे त्याच गेमवर बेतलेला बदललेला खेळ, म्हणून आला. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या डॅन पिंचबेक यांच्या संशोधनाचा तो भाग होता. गोळीबाराच्या गेममधून गोळीबारच काढून टाकला तर खेळणारा टिकतो का, हे बघायचं होतं. विकतची आवृत्ती फेब्रुवारी 2012 मध्ये आली, रॉबर्ट ब्रिस्को यांनी नव्याने उभारलेल्या बेटासह. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांमधलं ते ओसाड बेट तुम्ही चालत पार करता आणि एक माणूस एस्थरला लिहिलेली पत्रं वाचत असतो. पळता येत नाही, उडी नाही, काही उचलता येत नाही. कुठला तुकडा कधी ऐकू येईल हेही दर वेळी बदलतं, त्यामुळे दोघांनी ऐकलेली गोष्ट तंतोतंत एक नसते.

दृश्यं आणि जेसिका करी यांचं संगीत यांवर बहुतेकांचं एकमत. भांडण झालं ते भाषेवरून आणि 'याला गेम म्हणायचं का' यावरून. दुसऱ्या भांडणात मला रस नाही. पहिल्यात आहे, कारण ते इंग्रजी खरोखर जड आहे, उपमांनी लगडलेलं. सबटायटल लावा, निम्मा त्रास वाचेल.

'गॉन होम' ऑगस्ट 2013 चा, फुलब्राइट या स्टुडिओचा. काळ जून 1995, ठिकाण अमेरिकेतलं ओरेगन. केटी युरोपातून परतते तर घर रिकामं, बाहेर वादळ. मग खण उघडा, चिठ्ठ्या वाचा, कॅसेट लावा. उचललेली वस्तू होती तिथेच परत ठेवायची सोयसुद्धा आहे. मला तर तेवढ्यानेच ते घर कुणाचंतरी वाटायला लागलं. एका बाथटबमध्ये लाल डाग दिसतात. छातीत धस्स होतं, आणि मग कळतं की तो केसांचा रंग. भुताटकीच्या गेम्सची सवय तुमच्यावरच उलटवायची ही युक्ती समीक्षकांना फार भावली. धाकट्या बहिणीचं, सॅमचं, एका मुलीवर प्रेम जडतं. ही गोष्ट इतक्या साधेपणाने सांगितल्याबद्दलही भरभरून लिहिलं गेलं. पॉलिगॉन या गेम्सच्या साइटने 10 पैकी 10 दिले, 2014 मध्ये पदार्पणाचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. खेळाडूंची तक्रार मुख्यतः 20 डॉलरची: एवढ्याशा खेळाला एवढे? ती तक्रार तेव्हा रास्तच होती. आता सेलमध्ये घेणाऱ्याला ती लागू नाही.

म्हणून समीक्षा वाचायच्या तर नापसंतीच्या आधी वाचा. 'काहीच करायला नाही' हे वाक्य 'डिअर एस्थर'बद्दल शब्दशः खरं आहे. त्याने तुमचा हिरमोड होणार असेल तर विषय संपला. 'गॉन होम'मध्ये हात सतत गुंतलेले असतात, फक्त धोका नसतो. इंदूरच्या सानंद संस्थेचं नाटक सुटल्यावर पार्किंगपर्यंत अर्थावरून वाद घालणाऱ्यांपैकी असाल तर 'एस्थर' तुमचाच. गोष्ट नीट कळायला हवी असेल तर 'गॉन होम'. पहिल्यांदाच हा प्रकार खेळणाऱ्याला मी डोळे मिटून 'गॉन होम' सांगेन. (बजेट थोडं ताणता आलं तर 2017 चा 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' दोघांच्याही पुढे आहे, सर्वोत्तम गेमचा बाफ्टा त्याने नेला, पण तो ताईच्या मंजुरीत बसत नाही.)

एक व्यवहाराची गोष्ट. स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. 'डिअर एस्थर' तेवढ्यात संपूही शकतो, हे भाच्याने आधीच ताडलंय. त्याला म्हटलं, नाही आवडला तर खुशाल परत कर, पण तिसऱ्या भागातल्या गुहा बघितल्याशिवाय नाही.