बिघाड शोधणारा पेनड्राइव्ह: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातले जुने डेस्कटॉप मी सांभाळते. कोकणातली दमट हवा आणि पावसाळ्यात सारखी ये-जा करणारी वीज, त्यामुळे कुठलं ना कुठलं मशीन कुरकुरत असतंच. जूनपासून बिघाड शोधायला मी एक ३२ जीबीचा पेनड्राइव्ह वापरते आहे. त्यावर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) टाकलंय आणि सोबत मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं) व लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) यांच्या आयएसओ फायली, म्हणजे अख्खं सॉफ्टवेअर एकाच फाइलमध्ये. सगळं फुकट मिळतं. नवा पार्ट विकत घेण्याआधी हा पेनड्राइव्ह लावून बघावाच, असं माझं आता ठाम मत झालंय.

व्हेंटॉयची मोठी सोय ही, की आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू केलं की यादी समोर येते, हवी ती निवडायची. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) आडवं आलं तर ते बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, बंद करता येतं, पण त्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. नाहीतर विंडोज सुरू होताना ती मागेल आणि काम अडेल.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मिंटचा. डिस्कवर काहीही इन्स्टॉल न करता ते पेनड्राइव्हवरूनच चालतं. विंडोजमध्ये वायफाय तुटतंय, आवाज येत नाही, मशीन अडकतंय. आणि मिंटमध्ये तेच मशीन तासभर सुरळीत चाललं, तर हार्डवेअर बहुधा शाबूत आहे, ड्रायव्हरकडे किंवा विंडोजकडे बघायचं. मिंटमध्येही अडकलं तर रॅम, तापमान, वीजपुरवठा या बाजूने शोध सुरू करायचा. एवढ्या एका चाचणीने अर्धा गोंधळ संपतो.

मिंटमधलं ‘डिस्क्स’ हे ॲप डिस्कचा स्मार्ट तक्ता, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दाखवतं. तो वाचायला शिकाच. हार्ड डिस्कच्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या ओळी खराब सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांच्या. त्या वाढताना दिसल्या की बाकी सगळं सोडून आधी बॅकअप. पण १९९ ही ओळ वेगळी आहे. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजते, आणि त्यामागे बऱ्याचदा या दोघांना जोडणारी साटा केबल असते. आमच्या एका मशीनची डिस्क गेली, बदला, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. तक्त्यात ५ आणि १९७ शून्य, १९९ मात्र भलतीच वाढलेली. केबल बदलली आणि ते मशीन आजही देवघेवीच्या काउंटरवर चालतंय. हा आकडा कधी परत शून्यावर येत नाही, तेव्हा केबल बदलल्यावर तो आणखी वाढतोय का, एवढंच पाहायचं.

मेमटेस्ट मी रात्री लावून ठेवते. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयच्या (बायोसची नवी पद्धत असलेल्या) मशीनवरही चालतं. लाल ओळी दिसल्या म्हणजे रॅमची पट्टीच खराब, असं लगेच ठरवू नका. एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, मग स्लॉट बदला. आमच्याकडे दोन्ही पट्ट्या पहिल्या स्लॉटमध्ये निर्दोष होत्या आणि दुसऱ्यात दोन्ही चुका दाखवत होत्या. दुसरा स्लॉट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केला, पूर्ण वाळू दिला, आणि चुका थांबल्या. अर्थात हे सगळं वीज पूर्ण काढूनच.

मर्यादाही सांगते. स्क्रीनवर काहीच येत नसेल तर पेनड्राइव्हचा काही उपयोग नाही. तिथे रॅम काढून पुन्हा बसवणं, बोर्डवर फुगलेले कपॅसिटर शोधणं हीच कामं. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला, खर्च अगदी किरकोळ. एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, चाचणीही यातून होत नाही. त्याला मल्टिमीटरच हवा: १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत असली पाहिजे, आणि तीही मशीनवर भार असताना. एसएमपीएस मात्र उघडू नका, बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

शाळा, वाचनालयं, सायबर कॅफे, जिथे जुनी मशिनं जास्त आणि पैसे कमी, तिथे हा पेनड्राइव्ह असायलाच हवा. व्हेंटॉय पहिल्यांदा टाकताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. यूएसबी ३ चा घेतलात तर मिंट बरंच लवकर सुरू होतं.