बेअरिंगच्या पाठीवरचा खोटा आकडा: क्रँक ग्राइंडिंगमध्ये आमची झालेली फसवणूक

घरच्या घरी इंजिन खोलून बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कोल्हापुरात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेणारं हे गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात कुणाचा ना कुणाचा भाऊ लेथवर नाहीतर फाउंड्रीत असतोच. म्हणून मशीनकाम बाहेर द्यायचं आणि बांधणी घरी करायची, ही इथली जुनी रीत. नेमक्या त्याच रीतीचा फायदा घेऊन आम्हाला फसवलं गेलं. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा, ग्राइंड न करताच ग्राइंडिंगचे पैसे घेतले, आणि स्टँडर्ड बेअरिंगच्या पाठीवर खोटा आकडा ठोकून ती अंडरसाइज, म्हणजे घासलेल्या क्रँकला लागणारी जाड बेअरिंग, म्हणून विकली. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हे करतात कसं, ते सगळ्यांना कळायला पाहिजे.

गाडी माझ्या चुलत्यांची, तात्यांची. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. २००५ साली ही गाडी बाजारात आली आणि बैलगाडी, टेम्पो, रिक्षा या सगळ्यांची कामं एकटी करायला लागली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवरचं छोटं डिझेल इंजिन. तात्या भल्या पहाटे गावाकडचा भाजीपाला भरून मार्केट यार्डात आणतात, त्यावरच घर चालतं. इंजिन ऑइल खायला लागलं, चढाला धूर टाकायला लागलं आणि खालून ठोका ऐकू यायला लागला. गॅरेजमध्ये फुल कामाचा आकडा ऐकून तात्या गप्पच झाले. मी आयटीआयला मोटर मेकॅनिक केलेलं, म्हणून इंजिन अंगणात उतरवलं.

पिस्टन-रिंगांचं आणि हेडचं काम एका ठिकाणी दिलं, ते चोख झालं. क्रँक मात्र दुसऱ्या दुकानात दिला, कारण तिथं लवकर होणार होतं. दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासायचं ठरलं. मेन (क्रँक ब्लॉकमध्ये जिथं बसतो तिथली) आणि बिगएंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथं धरतो तिथली) बेअरिंगही त्यांच्याकडूनच घेतली. साडेसहा हजार रुपये झाले. बिल मागितलं तर "जीएसटी वर पडंल बघा" असं उत्तर आलं आणि हातात चिठ्ठी मिळाली. तिच्यावर क्रँक ग्राइंडिंग, ०.२५ बेअरिंग आणि घासल्यानंतरची जर्नलची मापं असं सगळं रीतसर लिहिलेलं होतं. पैसे मी मोबाइलवरून पाठवले होते. पुढं त्याचा फार उपयोग झाला.

ज्यांना हे काम नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्रँकचं जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग, वापरून वापरून अंडाकृती होतं. ग्राइंडिंग मशीनवर ते घासून पुन्हा गोल करतात. दहा थाऊ म्हणजे साधारण पाव मिलिमीटर व्यास कमी झाला, तर तेवढी जागा भरायला बेअरिंग जाड लागतं. बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या असतात, म्हणून प्रत्येक वाटी स्टँडर्डपेक्षा ०.१२५ मिलिमीटरनं जाड. घासलेल्या क्रँकला स्टँडर्ड बेअरिंग लावलं तर तो लगेच डुगडुगतो. न घासलेल्या क्रँकला खरं दहा थाऊचं बेअरिंग लावलं तर कॅप (बेअरिंग दाबून धरणारं झाकण) आवळताच तो जाम होतो. म्हणजे दोन्हीपैकी एकच काम खोटं केलं तर बांधतानाच उघडं पडतं. दोन्ही कामं खोटी केली की मात्र सगळं एकमेकांत अलगद बसतं आणि क्रँक हातानं झकास फिरतो. आमच्या क्रँकचं असंच झालं.

इंजिन गाडीत चढवण्याआधी स्टँडवर चालवून बघायची माझी सवय आहे, आणि तिच्यामुळेच हे पकडलं गेलं. लोखंडी अँगलचा स्टँड, त्यावर रबर माउंटिंग, कारण दोन सिलिंडरचं इंजिन जबर हादरतं. रेडिएटर जोडला, डिझेलचा कॅन उंचावर टांगला, पंख्याला जाळी केली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑइलच्या स्विचच्या जागी काट्याचं प्रेशर मीटर लावलं. गाडीतला लाल दिवा प्रेशर फारच खाली गेल्याशिवाय पेटत नाही. किती आहे आणि कसं उतरतंय ते काटाच दाखवतो. हे सगळं उघड्या अंगणात, शेडमध्ये नाही, कारण बंद जागेत सायलेन्सरचा धूर जीव घेतो. वाळूची बादली आणि अग्निशामक जवळ होता. हवा ओढायच्या तोंडावर दाबायला एक जाड फळीही ठेवली होती. डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळतं; तेव्हा डिझेल तोडून ते थांबत नाही, हवाच तोडावी लागते.

आधी डिझेल बंद ठेवून थोडा थोडा स्टार्टर मारला. काटा हलल्यावर, म्हणजे ऑइल वर पोचल्याची खात्री झाल्यावर, लाइनमधली एअर काढली आणि इंजिन सुरू केलं. आवाज गोड. काटा चार किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो प्रेशर). तात्यांनी नारळ फोडायची तयारी केली. पण पाणी तापलं, ऑइल पातळ झालं, तसा काटा खाली सरकत गेला. आयडलला अर्ध्या किलोच्याही खाली. आणि तात्याच म्हणाले, "अरं, त्यो जुना आवाज परत आला बघ." कान देऊन ऐकलं, ठोका तोच.

इंजिन बंद केलं. मीटर बदलून पाहिलं, काटा तिथंच. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून तपासली, ठीक. मग खालचं ऑइलचं चेंबर उतरवून ऑइलची जाळी आणि पंप पाहिला, तेही ठीक. शेवटी बिगएंडच्या कॅपा सोडल्या. पहिली वाटी हातात घेतली आणि आतल्या पांढुरक्या थरावर बरोबर मध्ये एक चकाकणारा ठिपका दिसला. बाकी सगळा थर एकसारखा मंद, आणि तेवढाच ठिपका घासलेला. वाटी उलटी केली तर त्या ठिपक्याच्या नेमक्या पाठीमागे ०.२५ हा आकडा. हातानं पंच ठोकलेला, आकडे वरखाली, भोवतीचा भाग बफ केलेला. बोट फिरवलं तर पंचाच्या कडेचा उठाव लागत होता. कंपनीचे आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे असतात. ते असे आतून उठाव आणत नाहीत. ठोकल्यामुळे वाटी आत फुगली होती आणि तेवढाच भाग क्रँकवर घासत होता.

शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम करणारा मित्र आहे. त्याच्याकडच्या कॅलिब्रेट केलेल्या मायक्रोमीटरनं मापं घेतली. वाट्यांची जाडी स्टँडर्ड, एका मायक्रॉनचाही दहा थाऊशी संबंध नाही. क्रँकपिन (बिगएंडचं जर्नल) एका दिशेनं स्टँडर्डपेक्षा मिलिमीटरचे दोन शतांश कमी आणि आडव्या दिशेनं सात शतांश. म्हणजे अंडाकृती, जशी आली होती तशीच. चिठ्ठीवरची मापं निव्वळ लिहिलेली होती, घेतलेली नव्हती. आणखी एक खूण मित्रानं दाखवली. जर्नल जिथं खांद्याला मिळतं, तिथल्या गोलाईत जुन्या ऑइलचा तपकिरी थर तसाच होता. ग्राइंडिंगचा दगड तिथपर्यंत जातो. एमरीची पट्टी ओढून नुसती चकाकी आणली की तो कोपरा तसाच राहतो.

दुकानात गेलो तर मालकानं वाट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "घरात इंजिन बांधतासा आणि नाव आमचं घेतासा व्हय? ऑइल कमी पडलं असंल, कॅपा उलट्या बसवल्या असतील." समोर चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर हे बोलणं. मला खरा संताप इथं आला. घरी बांधणाऱ्याला फसवणं यांना सोपं जातं ते यामुळेच: काही बिघडलं तर बोट त्याच्याकडेच वळवता येतं. तात्यांसारख्या माणसाचं रोजचं भाडं बुडतं, आणि वर त्याच्या पुतण्याला काम येत नाही असं ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून क्रँक ताब्यात घेतानाच तिथल्या तिथं मायक्रोमीटर लावायला सांगा, दोन्ही दिशांनी, प्रत्येक जर्नलवर. टाळाटाळ केली तर क्रँक उचलून दुसरीकडे न्या. खांद्याची गोलाई पुसून बघा. तेलाच्या भोकाच्या कडा बघा. बेअरिंग शक्यतो वेगळ्या दुकानातून, सीलबंद खोक्यात घ्या, आणि एक तरी वाटी मोजा. स्टँडर्ड आणि दहा थाऊतला फरक साध्या मायक्रोमीटरलाही कळतो. बेअरिंगच्या पाठीचे फोटो बसवण्याआधी काढा. बिल पक्कं घ्या, जीएसटीसकट. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

गाडी धंद्याची असली की ग्राहक कायदा लागू होत नाही, असं आम्हाला दोघा-तिघांनी सांगितलं. ते खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून केलेला वापर व्यापारी हेतूत धरत नाहीत. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो.

क्रँक आता दुसऱ्या दुकानात आमच्या डोळ्यांदेखत ग्राइंड झाला. त्या मिस्त्रींनी प्रत्येक जर्नल घासल्यावर मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. इंजिन पुन्हा स्टँडवर चढवलं, तापवलं, आणि काटा गरम आयडललाही दीड किलोवर टिकला. तात्या पुन्हा मार्केट यार्डात जायला लागलेत. जुन्या दुकानदारानं वकिलाची नोटीस मिळाल्यावर बेअरिंगचे पैसे परत केले, ग्राइंडिंगचे नाकारले. त्यासाठी आयोगात अर्ज केला आहे. सोबत मोजमापांचा कागद, वाट्यांचे फोटो, ती चिठ्ठी आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडली आहे. ग्राइंडिंगची रक्कम, दुसऱ्यांदा लागलेलं पॅकिंग आणि ऑइल, आणि तात्यांची बुडालेली भाडी, एवढं मागितलंय.