आठ महिने जुन्याच वेपवर : वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडच्या वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, टँक (लिक्विड भरायचा वरचा भाग) अ‍ॅस्पायर कंपनीचा नॉटिलस मिनी आहे आणि तो मी २०१५ साली, सिगारेट सोडायचीच या निश्चयाने, इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये विकत घेतला होता. त्याच्याखालचा चौकोनी मॉड, म्हणजे बॅटरीचा डबा, वर्षभराने आला. आज त्या मॉडच्या कोपऱ्यांवरचा रंग उडून आतला धातू दिसतो, पडदा मंद झाला आहे आणि बॅटरीचे झाकण लावताना अंगठ्याने जरासे वर रेटावे लागते. मधली तीन वर्षे हा संच खणात पडून होता, कारण मीही एकदा वापरून फेकायच्या रंगीत वेपच्या नादी लागलो होतो. १ जून २०२५ रोजी ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली. दुकानदाराच्या सल्ल्याने मी पुन्हा भरता येणारी, पॉडची (लिक्विडच्या छोट्या प्लॅस्टिक कुपीची) दोन नवी उपकरणे महिनाभरात पालथी घातली. एकाच्या तळाशी रोज सकाळी लिक्विड साचलेले असे, आणि दुसऱ्याला लागणारे पॉड त्या दुकानाने तिसऱ्या आठवड्यातच ठेवणे बंद केले. जुलैत खण उघडला तो असा नाइलाजाने. आता मार्च आहे आणि मी अजून याच संचावर आहे.

जुना संच टिकतो याचे मुख्य कारण त्याची मजबुती नसून त्याचे सुटे भाग आहेत. टँक आणि मॉड ज्या आट्यांनी जोडले जातात त्यांना या धंद्यात ‘५१०’ म्हणतात. सात मिलिमीटर व्यासाचा हा बारीक आट्यांचा सांधा सुरुवातीच्या एका उपकरणावरून रूढ झाला आणि पुढे बहुतेक सर्वांनीच तो स्वीकारला. त्यामुळे उद्या माझा मॉड बंद पडला, तरी टँक ५१० आट्यांच्या दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या मॉडवर बसेल. बॅटरी वेगळी निघते, काच वेगळी मिळते, ओठांत धरायची नळी बदलता येते, आणि रबरी रिंगा तर मूठभर मिळतात. नव्या पॉडच्या उपकरणांत बहुधा बॅटरी आतच बंद केलेली असते. ती गेली की सगळेच गेले. नशिबाचा भागही आहेच. मे २०१७ पासून इथे टँकची क्षमता दोन मिलिलिटरपर्यंतच असावी असा नियम लागू झाला आणि पाच मिलिलिटरचा मोठा नॉटिलस दुकानांतून गेला, पण मिनी मुळातच दोनचा असल्याने तो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या कॉइल (लिक्विड तापवणारी, कापसात बसवलेली तार), बाजारात टिकून राहिल्या.

कॉइल बदलणे हे या संचाचे खरे काम, आणि तिथे घाई अजिबात चालत नाही. टँक उलटा धरून तळ उघडायचा, जुनी कॉइल कागदी रुमालात धरून फिरवून काढायची, नव्या कॉइलच्या बाजूच्या छिद्रांतून दिसणाऱ्या कापसावर लिक्विडचे चार-पाच थेंब सोडायचे, ती बसवायची, टँक भरायचा आणि मग दहा-पंधरा मिनिटे त्याला हातही लावायचा नाही. ऑगस्टमध्ये ऑफिसला निघताना मी ही पंधरा मिनिटे वाचवली आणि पहिल्याच झुरक्याला कापूस जळाला. तो जळका वास कॉइलमधून पुन्हा जात नाही. दोन पौंडांची नवी कोरी कॉइल सरळ कचऱ्यात गेली. दुसरी चूक भरतानाची. उलट्या टँकमध्ये मधोमध जी पोकळ नळी दिसते तिच्यात लिक्विड ओतायचे नसते, तिच्या आणि काचेच्या मधल्या जागेत ओतायचे असते. हे मला दहा वर्षांपूर्वी ठाऊक होते, पण हात विसरले होते, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा खिसा चिकट झाला. तळाची रिंग सैल वाटू लागली तेव्हा पत्नीने ती, कुकरची सैल झालेली रिंग ठेवतो तशी, फ्रीजरमध्ये ठेवून पाहायला सांगितले. उपयोग झाला नाही. पन्नास पेन्सची नवी रिंग घातल्यावर गळती थांबली.

लिक्विड निवडताना जुन्या टँकचे ऐकावे लागते. मी १.८ ओहमची कॉइल बारा वॅटवर चालवतो. तिची छिद्रे लहान असल्याने दाट लिक्विड कापसापर्यंत वेळेत पोहोचत नाही. म्हणून निम्मे दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन आणि निम्मे पातळ प्रोपिलीन ग्लायकोल असलेलेच लिक्विड मी घेतो. मोठ्या धुरासाठी केलेले, सत्तर टक्के ग्लिसरीनचे एक लिक्विड मला सवलतीत मिळाले होते. जानेवारीच्या थंडीत ते काकवीसारखे घट्ट झाले आणि दर चौथ्या-पाचव्या झुरक्याला घसा खरवडू लागला. दोष त्या लिक्विडचा नव्हता, जोडी जुळली नव्हती एवढेच. योग्य लिक्विडवर मात्र या टँकची चव मला आजही नव्या पॉडपेक्षा स्वच्छ वाटते, आणि हवेचे कडे फिरवून सर्वांत लहान छिद्रावर आणले की झुरका जवळपास सिगारेटसारखा आवळून येतो. ज्यांना छातीत थेट ओढायची सवय आहे त्यांना हा टँक गुदमरवील.

बॅटरी १८६५० प्रकारची, म्हणजे अठरा मिलिमीटर व्यासाची आणि पासष्ट मिलिमीटर लांबीची. मॉडचे चार्जिंगचे छिद्र सैल झाल्यामुळे मी वेगळा चार्जर घेतला, आणि ते आधीच करायला हवे होते. बारा वॅटला बॅटरीतून साधारण तीन-साडेतीन अँपिअर एवढाच प्रवाह ओढला जातो. सत्तर वॅटच्या संचाला एकाच बॅटरीतून वीसच्या आसपास लागतो. म्हणूनच माझी बॅटरी तापत नाही आणि दीड दिवस सहज चालते. मात्र तिच्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन फाटले असेल तर ती वापरू नये, आणि सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात कधीच टाकू नये. या दोन बाबतींत जुन्या वस्तूचे प्रेम बाजूला ठेवावे. माझ्या मूळच्या दोन्ही बॅटऱ्या मी दुकानातल्या जमा करायच्या पेटीत टाकल्या आणि नव्या घेतल्या.

आता खर्च. पाच कॉइलची पेटी मला दहा पौंडांना पडते आणि एक कॉइल दोन-अडीच आठवडे जाते. लिक्विड दिवसाला तीन मिलिलिटर, म्हणजे महिन्याला दहा मिलिलिटरच्या नऊ बाटल्या. हा आकडा यापुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, कारण १ ऑक्टोबर २०२६ पासून दर दहा मिलिलिटरमागे २.२० पौंड कर लागेल आणि त्यावर वीस टक्के व्हॅट. माझ्या नऊ बाटल्यांवर हे महिन्याला २३.७६ पौंड होतात. रोज दहा-बारा मिलिलिटर जाळणाऱ्या मोठ्या संचाच्या मालकाने हाच हिशेब स्वतःसाठी करून पाहावा. निकोटीन नसलेल्या लिक्विडलाही हा कर आहे, त्यामुळे बिननिकोटीनची मोठी बाटली घेऊन त्यात निकोटीन मिसळण्याची पळवाटही उरत नाही. नवे उपकरण स्वस्त मिळते हे खरे, पण पैसा उपकरणात जातच नाही.

तक्रारी आहेतच. संच जड आहे, शर्टाच्या खिशात ठेवला की खिसा ओघळतो. दोन मिलिलिटर संध्याकाळपर्यंत पुरत नाहीत आणि भरण्यासाठी प्रत्येक वेळी तळ उघडावा लागतो, त्यामुळे बसमध्ये किंवा चालताना भरणे अशक्य. काच एकदा फुटली. बनावट कॉइल बाजारात असतात. पेटीवरचा संकेतांक खरवडून तपासल्याशिवाय मी आता घेत नाही. पण काही गैरसोयी मला सोयीच्या वाटू लागल्या आहेत. फेकायची वेप सतत हातात असे, दिवसाला किती ओढली याचा पत्ता नसे. इथे टँक रिकामा झाला की आपण दोन मिलिलिटर संपवले हे दिसते. लिक्विडमधल्या निकोटीनच्या बाबतीत मिलिलिटरमागे बारा मिलिग्रॅमवरून मी सहावर आलो आहे. वेप निरुपद्रवी आहे असा माझा दावा नाही. ज्याने सिगारेट कधी ओढली नाही त्याने याच्या वाटेला जाऊच नये.

डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्याला गेलो तेव्हा हा सगळा संच घरीच ठेवला. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवण या सर्वांवर बंदी आहे, आणि ‘स्वतःपुरती आहे’ म्हणत विमानतळावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. तिथे दोन मिलिग्रॅमच्या निकोटीन गमवर भागवले. परत आल्यावर पहिल्या दिवशी टँक भरून ठेवला, पण तो संपायला दोन दिवस लागले. कपाटात अजून चार पेट्या कॉइल आहेत. पाचवी घ्यायची की नाही ते ऑक्टोबरच्या आधी ठरवेन.