आत्मचरित्र: स्वतः लिहायचं, सांगून लिहून घ्यायचं की सरळ कादंबरी करायची?

रिटायर झालं की बऱ्याच जणांच्या डोक्यात हा किडा वळवळतो. दोनशे पानी वही येते, 'माझा जन्म अमुक गावी झाला' पासून सुरुवात होते आणि सातवीच्या परीक्षेपर्यंत येऊन वही कपाटात जाते. आमच्या आत्याचं अगदी हेच झालं, म्हणून हे लिहितोय.

पहिला रस्ता म्हणजे आपल्या नावाने, आपल्या हाताने. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून भागाभागाने आली) वाचा, बाई बोलतात तश्शा लिहितात. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला, केवढा घाव, पण आपलं सोवळंओवळं कसं सुटत गेलं हे सांगताना त्या स्वतःलाच हसतात. हे जमलं तर बाकी काही नको, पण जमत नाही हो, कारण आपण पेन धरला की आपोआप शाळेतल्या निबंधाची भाषा येते. शिवाय आपली गोष्ट एकट्याची नसतेच, त्यात सगळं गणगोत असतं. पुलंच्या पत्नी सुनीताबाई देशपांडेंचं 'आहे मनोहर तरी' १९९० ला आलं तेव्हा पुलं हयात होते, आणि सगळ्यांच्या लाडक्या माणसाबद्दल घरातून असं लिहिलेलं कित्येक वाचकांना झेपलं नाही. आपल्यावर वाचक नाही चिडणार, वहिनी चिडतील, आणि ते जास्त महागात पडतं.

सारखं 'मी मी' करायला अवघड वाटत असेल तर दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' (१९७८) बघा. त्यात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो, दोघं एकच माणूस! लाजिरवाणं सांगायला ही युक्ती भारी आहे पण नवख्याने करू नये, नाटकी होतं.

दुसरा रस्ता, आपण बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' असंच आहे, शब्दांकन अरुण साधूंचं, आणि त्यावरूनच पुढे १९७७ ला श्याम बेनेगलांचा 'भूमिका' सिनेमा निघाला. बाईंनी स्वतःला कुठे झाकलेलं नाही. यात धोका एकच, लिहिणारा शहाणा निघाला तर वाट लागते. आत्या मोबाईलवर बोलली होती, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू, की "चप्पल कुठली रे, उन्हाळ्यात पायाला पळसाची पानं बांधून पाण्याला जायचो." आमच्या बंधुराजांनी टाईप केलं, 'त्या काळी स्त्रियांची परिस्थिती हलाखीची होती.' पानं गेली, पाय गेले, उरलं काय?

तिसरा रस्ता कादंबरी. नावं बदलली की सुटलो असं लोकांना वाटतं. आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणूनच ओळखली जाते, पण लपाछपी काही नाही, शाळेला आडवा येणारा बाप तसाच्या तसा उभा आहे. कादंबरी केल्याने त्यांना संवाद, प्रसंग मोकळेपणाने रचता आले, खरा फायदा तो. पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दन् शब्द कोणाला आठवतं? पण लपायला म्हणून कादंबरी करणार असाल तर नका करू, गावात दोन पानांत ओळखतात की हा कोण आणि ती कोण, आणि वर म्हणतात खोटं लिहिलंय.

माझं मत विचाराल तर आधी बोलून रेकॉर्ड करा, वर्षांचा क्रम गेला खड्ड्यात, आणि टाईप करणाऱ्याला सांगा की एक शब्द सुधारायचा नाही. लिहायची खरंच सवय असेल, पत्रं, डायरी वगैरे, तरच थेट वही घ्या. कादंबरी फक्त ज्यांना रचण्यातच मजा येते त्यांच्यासाठी. आणि छापायचं की नाही हे आत्ता ठरवूच नका, नाहीतर पहिल्या पानापासून जीभ आखडते.

आत्याची चौदा रेकॉर्डिंग झालीत. जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की म्हणते "बंद कर ते आधी", आणि मग तासभर बोलते.