डिग आणि नेम्ड-चेकझोन: डीएनएस बिघडलं की आधी हीच दोन टूल्स

होस्टिंगवाल्याच्या सपोर्टला फोन लावा, वेबसाइट उघडत नाही म्हणून सांगा, समोरून ठरलेलं वाक्य येणार, "सर प्रोपगेशन चालू आहे, २४ ते ४८ तास थांबा." म्हणजे म्हणे बदल इंटरनेटभर पसरतोय. आता हे खरं आहे की नुसती टोलवाटोलवी हे दोन मिनिटांत कळू शकतं आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा; तिचा सर्व्हर चालवणाऱ्या बाइंड ह्या सॉफ्टवेअरसोबत फुकट येणारी दोन टूल्स, डिग (डीएनएसला प्रश्न विचारणारं) आणि नेम्ड-चेकझोन (डोमेनच्या नोंदींची फाइल तपासणारं), त्यांचाच हा रिव्ह्यू. मी शाळा, पतसंस्था, एमआयडीसीतले छोटे कारखाने अशांची डोमेनं आणि मेल सांभाळतो, सर्व्हर स्वतःचा, बाइंड ९ वर, त्यामुळे हे रोजच्या वापरातलं लिहितोय, एखाद्या दिवशी टाकून बघितलं असं नाही.

बाइंड म्हणजे डीएनएस सर्व्हरमधलं सगळ्यात जुनं खोड. ८० च्या दशकात बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी लिहिलं, नंतर आयएससी नावाच्या संस्थेकडे आलं, आणि २००० साली आलेली ९ नंबरची आवृत्ती अजून चालू आहे. सर्व्हर म्हणून बाइंड आवडत नसेल तरी चालेल, डिग मात्र टाकून ठेवाच. उबुंटूवर बाइंड९-डीएनएसयुटिल्स नावाच्या पॅकेजमध्ये येतं, फेडोरावर बाइंड-युटिल्समध्ये.

डिग मला का आवडतं तर ते काही लपवत नाही. एनएसलुकअप हे अशाच कामाचं टूल विंडोजवर आयतं असतं म्हणून लोक तेच वापरतात (मध्यंतरी बाइंडवाल्यांनी ते मोडीत काढणार म्हणून जाहीरही केलेलं, मग परत ठेवलं), पण ते उत्तराचा सारांश देतं आणि बिघाड बहुतेक वेळा त्या सारांशातून गळालेल्या भागातच असतो. डिगच्या आउटपुटमध्ये पहिल्यांदा स्टेटस बघायचं. एनएक्सडोमेन आलं म्हणजे असं नावच नाही. नोएरर आहे पण उत्तरं शून्य, म्हणजे नाव आहे पण तुम्ही मागितलेला रेकॉर्ड (नोंद) नाही, ह्यात फार लोक फसतात, एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे जाणार ती नोंद) टाकायचा राहिलेला असतो आणि डोमेन तर चालतंय म्हणून मेल सर्व्हरला शिव्या घालत बसतात. रिफ्यूज्ड म्हणजे ज्याला विचारलं तो म्हणतो हे डोमेन माझ्याकडे नाहीच, रजिस्ट्रारकडे (जिथून डोमेन घेतलं तिथे) नेमसर्व्हर (डोमेनबद्दल उत्तरं देणारा सर्व्हर) लिहिला पण त्या सर्व्हरवर झोनच (डोमेनच्या नोंदींची फाइल) टाकला नाही की हे हमखास येतं. आणि सर्व्हफेल म्हणजे... त्याच्याकडे नंतर येतो.

मग फ्लॅग, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या खुणा. 'एए' असेल तर उत्तर खुद्द मालक सर्व्हरने दिलंय, नसेल तर कुणाच्या तरी कॅशमधून (जपून ठेवलेल्या आधीच्या उत्तरातून) आलंय. अर्धी भांडणं इथेच मिटतात, कारण क्लायंट सांगतो जुना आयपी दिसतोय, सपोर्टवाला म्हणतो आमच्याकडे नवा आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त एक जण मालकाला विचारतोय आणि दुसरा कॅशला. डिगला ॲट लावून कुठल्याही सर्व्हरला थेट विचारता येतं, आधी डोमेनच्या नेमसर्व्हरला विचारा, मग गूगलच्या ८.८.८.८ ला, मग क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ ला. रेकॉर्डसमोरचा टीटीएल (उत्तर किती सेकंद कॅशमध्ये ठेवायचं तो आकडा) बघा. दोन मिनिटांनी परत विचारलं की कॅशमधला आकडा उतरलेला दिसतो (मोठ्या रिझॉल्व्हरांच्या, म्हणजे लोकांसाठी उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरांच्या, मागे बऱ्याच मशीन असतात म्हणून कधीकधी मागेपुढे उड्या मारतो, घाबरू नका) आणि तो शून्यावर आला की नवं उत्तर येणार. बस, एवढंच ते प्रोपगेशन. कुठे काही पसरत वगैरे नाही, लोकांच्या कॅश संपतात फक्त. ए रेकॉर्डचा (आयपीची नोंद) टीटीएल ३०० असेल तर ४८ तास कशाचे? ते ४८ तास आलेत कुठून तर डॉटकॉमच्या सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे बरोब्बर दोन दिवस. नेमसर्व्हर बदलला असेल तर ते वाक्य थोडंफार खरं, नुसता आयपी बदललाय तर थाप. घाई असेल तर गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांच्या साइटवर कॅश साफ करायचं पान आहे, तिथे डोमेन टाकून मोकळं व्हायचं.

ह्याच्या उलट प्रकार जास्त छळतो. रेकॉर्ड टाकायच्या आधीच क्लायंट उत्साहाने साइट उघडून बघतो, मग "नाव नाही" हे उत्तरसुद्धा कॅश होतं, आणि ते किती वेळ राहणार हे झोनच्या एसओए रेकॉर्डमधल्या (झोनची स्वतःची माहिती ठेवणारी नोंद) शेवटच्या आकड्यावर असतं. १९९८ च्या आरएफसी २३०८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) पासून हा नियम आहे, तरी लोक कुठलं तरी जुनं टेम्प्लेट चिकटवतात आणि तिथे ८६४०० तसेच राहतात. बाइंडचा रिझॉल्व्हर स्वतःहून तीन तासांच्या वर असं उत्तर धरत नाही, पण समोरचा काय वापरतोय हे आपल्या हातात नाही. तिथे ३०० ते ९०० ठेवा, डोक्याला ताप नाही.

डिगचा एक पर्याय कमी लोकांना माहीत आहे, '+एनएससर्च'. डोमेनच्या प्रत्येक नेमसर्व्हरकडून एसओए आणून एकाखाली एक दाखवतो. एका शाळेची साइट मोबाइलवर नवी आणि ऑफिसात जुनी दिसत होती, ब्राउझर बदलून झाले, राउटर बंद-चालू करून झाला, ह्या एका ओळीत कळलं की दोन नेमसर्व्हरचे सिरियल (एसओएमधला आवृत्तीचा आकडा) वेगळे आहेत. आधी जो माणूस झोन बघायचा त्याने कधीतरी २०२४०१०१०१ ऐवजी २२०४०१०१०१ टाइप केलेलं, पहिल्यावरून झोनची प्रत घेणारा दुसरा सर्व्हर ते घेऊन बसला, पुढे कुणीतरी "दुरुस्त" करून परत २०२४ वर आणलं आणि दुसरा सर्व्हर म्हणाला हे तर माझ्यापेक्षा जुनं, मला नको. दुसरा सर्व्हर आपल्याच ताब्यात असता तर आरएनडीसी रिट्रान्सफर (प्रत जबरदस्तीने परत आणायची कमांड) मारलं की संपलं, पण तो एका प्रोव्हायडरकडे होता आणि तिकडे तिकिटावर तिकिटं टाकूनही कोणी हलेना. मग गोल फिरवून आणायचा उपाय. सिरियल ३२ बिटचा असतो, ४२९४९६७२९५ च्या पुढे गेला की शून्यापासून सुरू. म्हणून अडकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवायचे, ते मर्यादेबाहेर जातं म्हणून ४२९४९६७२९६ वजा करायचे, उरतात ५६५२६४५२. हा छोटासा आकडा दुसऱ्या सर्व्हरला "नवा" वाटतो, तो घेतो, घेतला हे +एनएससर्चने बघायचं, आणि मगच नेहमीचा तारखेचा सिरियल टाकायचा. घाईत मधली खात्री न करता टाकला की परत पहिले पाढे पंचावन्न.

आता नेम्ड-चेकझोन. झोनचं नाव आणि फाइल द्यायची, चुका ओळ नंबरासकट सांगतं, आणि सगळं ठीक असेल तर शेवटी 'ओके' छापतं. ह्या ओकेबद्दल माझी मोठी तक्रार आहे, कारण त्याचा अर्थ फाइल लोड होईल एवढाच आहे, झोन बरोबर आहे असा नाही. नावाच्या शेवटी डॉट द्यायला विसरलं की बाइंड मागे पूर्ण डोमेन परत जोडतो, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम चं होतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम. हे एमएक्स किंवा एनएसच्या (नेमसर्व्हरची नोंद) उजव्या बाजूला झालं तर चेकझोन पकडतं, त्या नावाला पत्ताच नाही म्हणून ओरडतं. पण डावीकडे झालं, किंवा सीनेमच्या (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी नोंद) टोकाला झालं, की गप्प! ओके! आणि ही नवशिक्यांचीच चूक आहे असं समजू नका, ऑक्टोबर २००९ मध्ये स्वीडनच्या डॉट एसई ह्या अख्ख्या टॉप लेव्हल डोमेनमध्ये देखभालीच्या स्क्रिप्टने शेवटचे डॉट खाल्ले आणि देशभरच्या साइट आणि मेल आडव्या झाल्या. चूक लवकर सुधारली तरी चुकीची उत्तरं जिथे कॅश झालेली तिथे त्रास चालूच राहिला.

ह्याच्यावर उतारा त्याच टूलमध्ये आहे, कॅपिटल डी हा पर्याय. तो लावला की चेकझोन अख्खा झोन पूर्ण नावांसकट ओतून दाखवतं आणि डोमेन दोनदा आलेली ओळ डोळ्यांना लगेच खटकते. मी तर ते आउटपुट कालच्या आउटपुटशी डिफ करूनच (फरक बघूनच) रीलोड मारतो. बाकी सीनेमसोबत दुसरा रेकॉर्ड ठेवला तर 'सीनेम अँड अदर डेटा' म्हणून अडवतं ते चांगलंच आहे, बऱ्याच जणांना मुख्य डोमेनलाच सीनेम लावायची खुमखुमी असते, तिथे एसओए आणि एनएस असतातच त्यामुळे ते शक्यच नाही. सिरियल वाढवायचा राहिला हे मात्र चेकझोन सांगू शकत नाही, त्याला आधीचा आकडा माहीतच नसतो. ते रीलोडनंतर बाइंडच्या लॉगमध्ये येतं, वाचणाऱ्याने वाचावं.

डिगच्या तक्रारीही सांगतो नाहीतर जाहिरात वाटेल. एक तर ते होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नाव-आयपीची यादी) बघत नाही, त्यामुळे पिंग एकीकडे आणि डिग दुसरीकडे असं झालं की माणूस चक्रावतो, अशा वेळी आधी होस्ट्स फाइल उघडा. दुसरं म्हणजे '+ट्रेस'चं फार कौतुक होतं, रूटपासून खाली कोणी कोणाकडे पाठवलं ते दिसतं आणि रजिस्ट्रारकडच्या चुका शोधायला भारी आहे, पण तो रस्ता तुमच्या रिझॉल्व्हरची कॅश टाळून जातो, म्हणून ट्रेसमध्ये सगळं छान आणि लोकांना साइट दिसत नाही हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आणि विंडोजवाल्यांनो, तुमच्यासाठी बाइंड ९.१६ नंतर रस्ता बंद, आयएससीने विंडोज सपोर्टच काढला, आता डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) टाकून त्यात चालवा.

आणि सर्व्हफेल. डॉक्टरने नुसतं "तब्येत बरी नाही" म्हणावं तसं हे उत्तर आहे. माझी पद्धत अशी, डिगला '+सीडी' लावून परत विचारायचं, म्हणजे डीएनएससेकची (उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची) पडताळणी करू नको असं सांगायचं. आता उत्तर आलं तर सह्यांचा घोळ आहे, बहुतेक वेळा होस्टिंग बदलताना रजिस्ट्रारकडे जुना डीएस रेकॉर्ड (सह्यांच्या किल्लीची खूण) तसाच राहिलेला असतो, तो काढला की काम होतं (त्याचीही कॅश उतरायला वेळ जातो). तरी नाहीच आलं तर नेमसर्व्हरपर्यंत पोचताच येत नाहीये किंवा तिथे झोनच लोड झालेला नाही. २०२० च्या आरएफसी ८९१४ मुळे आता बरेच रिझॉल्व्हर सर्व्हफेलसोबत कारणही पाठवतात, डिग नवं असेल तर वरच्या भागात ईडीई म्हणून दिसतं, जुन्या सर्व्हरवरचं डिग तेवढ्यासाठी तरी अपडेट करा. डीएनएससेकचं चित्र काढून हवं असेल तर डीएनएसव्हिझ ही साइट बघा, आणि कमांड लाइनचा कंटाळा असेल तर झोनमास्टर, फ्रान्स आणि स्वीडनच्या रजिस्ट्रींनी मिळून बनवलेलं, फुकट आहे आणि क्लायंटला रिपोर्ट दाखवायला बरं पडतं.

डॉट भारत वाली देवनागरी डोमेनं कोणाकडे असतील तर, झोन फाइलमध्ये देवनागरी लिहायचं नाही, एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं प्युनीकोड रूपच लिहायचं. डिगला मात्र, आयडीएन (इंग्रजीबाहेरच्या लिपीतली डोमेनं) सपोर्टसह बांधलेलं असेल तर, मराठीत नाव टाइप करून विचारता येतं, फक्त टर्मिनल यूटीएफ-८ वर आहे ना ते बघा.