मर्जरएफएस की झेडएफएस? डिस्क गळाल्यावर कळतं

निपाणीच्या भाच्याचा फोन म्हणजे आधी बहिणीची तब्येत, मग पाऊस आणि त्यानंतर मूळ मुद्दा. परवाचा मुद्दा असा होता: लग्नांच्या शूटिंगचा डेटा साठत चाललाय, जुना डेस्कटॉप मोकळा आहे आणि घरात २, ४, ४ आणि ८ टीबीच्या चार डिस्क पडून आहेत. "मामा, सगळ्या मिळून एकच मोठी जागा दिसली पाहिजे बघ. मर्जरएफएस लावू की झेडएफएस?"

मर्जरएफएस वेगवेगळ्या डिस्क आहेत तशा ठेवून एकाच फोल्डरात एकत्र दाखवतं; झेडएफएस सगळ्या डिस्क बांधून घेऊन डेटा स्वतः सांभाळतं. अशा एकत्र साठ्याला पूल म्हणतात. मी दोन्ही वापरलंय. बेळगावच्या वडगावात आमच्या जिन्याखाली एक डबा, म्हणजे घरचा लिनक्स सर्व्हर, गेली काही वर्षं घुमतोय. त्यात कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांची रेकॉर्डिंग आहेत, गल्लीच्या गणपतीपुढची भजनं आहेत, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेले आवाज आहेत आणि घरचे फोटो तर आहेतच. पहिली तीन वर्षं मर्जरएफएस आणि जोडीला स्नॅपरेड होतं (ते 'सिंक' केलं की गेलेली डिस्क परत उभी करायची माहिती, म्हणजे पॅरिटी, एका वेगळ्या डिस्कवर लिहितं), तेव्हापासून झेडएफएस. म्हणजे मी पूर्ण तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जागेच्या हिशेबात मर्जरएफएस सरळ जिंकतं. भाच्याच्या चार डिस्कमधली ८ टीबीची स्नॅपरेडच्या पॅरिटीला दिली, कारण पॅरिटीची डिस्क बाकी सगळ्यांत मोठी किंवा निदान सर्वांत मोठीएवढी तरी लागते, की उरलेल्या तिघींची १० टीबी जागा हातात राहते. त्याच चार डिस्क झेडएफएसच्या रेडझेड-१ मध्ये, म्हणजे एका डिस्कएवढी पॅरिटी ठेवणाऱ्या रचनेत, घातल्या तर तो प्रत्येकीला सर्वांत लहान डिस्कएवढीच धरतो, म्हणजे २ टीबीची. एक पॅरिटीत गेली, राहिले ६. मिरर जोड्या, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा, केल्या तरी चार अधिक दोन, सहाच. मोठ्या डिस्कमधले ६ टीबी नुसते पडून राहणार. हे ऐकून भाचा म्हणाला, "जागा निम्मी गेली की मामा!" निम्मी नाही, पण दुखण्याइतकी गेली खरी. सगळी बेरीज करून १८ टीबीचे मांडे तो मनात खात होता, आणि बेळगावकडच्या माणसाला मांड्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

वाढवण्याचंही तेच. मर्जरएफएसमध्ये नवी डिस्क फॉरमॅट केली, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, एक ओळ घातली, झालं. झेडएफएसच्या रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवायची सोय जानेवारी २०२५ मधल्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये आली. तीही आधीचा डेटा जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात ठेवते. मिररवाल्याला जोडी-जोडीनेच खरेदी करावी लागते, आणि ते खिशाला जाणवतं.

मर्जरएफएसची आणखी एक गोष्ट मला आजही आवडते. प्रत्येक डिस्क स्वतंत्र राहते, साध्या एक्स्ट-४ किंवा एक्सएफएस फाइलसिस्टिमची. डबा बंद पडला तर एक डिस्क काढा, दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, फाइली समोर. झेडएफएसच्या रेडझेडमधली एकटी डिस्क म्हणजे अर्धी फाडलेली नोट.

इथपर्यंत वाचून मर्जरएफएस लावणार असाल तर लावा. चुकताय असं मी म्हणणार नाही. फक्त माझं काय झालं ते ऐकून घ्या.

तेव्हा माझ्याकडे डेटासाठी २, ४ आणि ८ च्या डिस्क होत्या, पॅरिटीला दुसरी ८ ची, आणि सिस्टिम २४० जीबीच्या एसएसडीवर. सुरुवातीचं भांडण जागेवरूनच झालं. पूलमध्ये चांगले पाचेक टीबी मोकळे दिसत होते, तरी भजनांच्या फोल्डरमध्ये काही टाकायला गेलो की 'जागा शिल्लक नाही'. दोन संध्याकाळी मी परवानग्या तपासत बसलो. कारण वेगळंच होतं. नवी फाइल कोणत्या डिस्कवर ठेवायची याचं मर्जरएफएसचं धोरण असतं, आणि माझं धोरण 'ईपी'ने सुरू होणाऱ्या जातीचं होतं. म्हणजे जिथे ते फोल्डर आधीपासून आहे तिथेच फाइल जाणार. भजनांचं फोल्डर फक्त ४ टीबीच्या डिस्कवर होतं आणि ती भरत आली होती. ८ टीबीची शेजारी बरीच रिकामी बसून होती, पण तिच्याकडे ते फोल्डर नव्हतं म्हणून तिला कोणी विचारत नव्हतं. धोरण 'एमएफएस' केलं, म्हणजे जिथे सर्वांत जास्त मोकळी जागा तिथे फाइल. प्रश्न मिटला. निदान मला तसं वाटलं.

पुढचं गणपतीतलं. रात्री लाइट गेली, आली, पुन्हा गेली. पावसाळ्यात आमच्याकडे हे चालायचंच. त्या आदळआपटीत सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण ८ टीबीची डेटा डिस्क उठलीच नाही. दोष डिस्कचा नव्हता, एका पॉवर केबलीतून दोन काढणाऱ्या स्प्लिटरचा होता. ते पुढे कळलं. एफएसटॅबमध्ये मी 'नोफेल' लिहून ठेवलेलं. सगळेच लिहितात, कारण ते नसलं तर एक डिस्क न सापडल्यावर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो आणि मग स्क्रीन म्हणून हॉलमधला टीव्ही उचलून जिन्याखाली न्यावा लागतो. नोफेल असल्यामुळे सर्व्हर मजेत सुरू झाला. मर्जरएफएसही मजेत सुरू झालं. डिस्क जिथे माउंट व्हायची, म्हणजे जोडली जायची, ते फोल्डर होतंच, फक्त रिकामं, आणि ते होतं एसएसडीवर.

आता एमएफएस धोरण आठवा. २ आणि ४ च्या डिस्कवर शंभरेक जीबीसुद्धा शिल्लक नव्हते, एसएसडीवर मात्र दीडशेच्या वर होते. पुढचे तीन दिवस आरतीनंतरची भजनं मी पूलमध्ये टाकत होतो आणि ती मुकाट्याने एसएसडीवरच्या त्या रिकाम्या फोल्डरमध्ये जात होती. चौथ्या दिवशी काही कारणाने सर्व्हर रीस्टार्ट केला. डिस्क उठली, नेहमीच्या जागी माउंट झाली, आणि तीन दिवसांची भजनं तिच्याखाली झाकली गेली.

रेकॉर्डरचं कार्ड तोवर फॉरमॅट केलेलं होतं. घरात मी कोणाला काही बोललो नाही.

सापडलं ते आठवड्याने. एसएसडी भरत आल्याचं दिसलं म्हणून पाहायला गेलो, तर डिस्कची वापरलेली जागा दाखवणारं डीएफ सांगतंय भरलंय आणि फाइलींची बेरीज करणारं डीयू सांगतंय फारसं काही नाहीच. या दोघांत एवढा फरक पडला की दोन शक्यता आधी तपासाव्यात: एखादी डिलीट केलेली फाइल कुठल्यातरी प्रोग्रॅमने अजून उघडी धरून ठेवलीय, किंवा माउंटखाली काहीतरी दडलंय. मूळ फाइलसिस्टिम दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर बाइंड-माउंट केली, म्हणजे वरची डिस्क वगळून तीच दुसऱ्या जागी उघडली, आणि आत गेलो. सगळी भजनं तिथे नीट ठेवलेली होती.

यावर औषध आहे. डिस्क माउंट नसताना ते रिकामं फोल्डर 'चॅटर' कमांडने इम्युटेबल करून टाकायचं, म्हणजे त्यात कोणालाच काही लिहिता येत नाही. मर्जरएफएस वापरणार असाल तर हे आजच करा. पण माझ्या मनात जे बसलं ते त्या तीन दिवसांतल्या शांततेने. पूल उघडला तर सगळी फोल्डरं जागच्या जागी दिसत होती, कारण त्याच नावांची फोल्डरं बाकीच्या डिस्कवरही होती. आतल्या फाइली तेवढ्या कमी झालेल्या. संमेलनांच्या फोल्डरमध्ये शंभराऐवजी साठ फाइली आहेत हे कोण मोजतं? स्नॅपरेडने बिचाऱ्याने रोज रात्री सिंक करायला नकार दिला होता. एका डिस्कवरच्या सगळ्या फाइली गायब दिसल्या तर तो आपण होऊन थांबतो, हे त्याचं मोठेपण. पण तो नकार एका लॉगमध्ये लिहिलेला होता आणि लॉग मी बघत नव्हतो. चूक माझीच, मान्य.

आमच्या शेजारी अजून माग चालतात. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि थांबला की खडखडाट बंद झाल्यानेच विणकराला कळतं. तो थांबतो म्हणून कोणी मागाला नावं ठेवत नाही. धागा तुटूनही विणत राहणारा माग तुम्ही घ्याल का? मी पुढच्या दिवाळीत आणखी एक ४ ची डिस्क घेतली आणि झेडएफएसवर गेलो. ८ ची एक जोडी, ४ ची एक जोडी, दोन मिरर. वापरायला १२ टीबी. २ टीबीची बाहेर पडली, ती आता निवडक गोष्टींची प्रत घेऊन निपाणीला बहिणीच्या कपाटात असते.

झेडएफएस गुणी आहे असं नाही. कटकट्या आहे. त्याचं मॉड्यूल लिनक्सच्या कर्नलबाहेरचं, म्हणजे गाभ्याबाहेरचं, लायसन्सचं जुनं त्रांगडं. त्यामुळे कर्नल बदलल्यावर कधी मॉड्यूल तयार होत नाही आणि पूलच दिसत नाही. पूल फार भरला की तो मंदावतो. एक जोडी पूर्ण गेली तर पूलच जातो. आणि एसएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, जातीच्या डिस्कशी त्याचं अजिबात जमत नाही. माझी एक ४ टीबीची जुनी डिस्क त्या जातीची निघाली. तिच्यावर रिसिल्व्हर, म्हणजे जोडीतल्या दुसरीवरून डेटा पुन्हा भरणं, चालू केलं ते तीन दिवस चाललं, साध्या सीएमआर डिस्कवर तेच काम एका रात्रीत उरकलं होतं. घेण्याआधी डिस्कचा मॉडेल नंबर नीट शोधून बघा, नुसत्या खोक्यावर विसंबू नका. रॅमची भीती मात्र उगाच घालतात. माझ्याकडे ८ जीबी आहे, डीडुप, म्हणजे सारखा डेटा एकदाच ठेवायची सोय, लावलेलं नाही आणि माझं कधी अडलं नाही.

पण तो बोलतो. वर्षभराने त्याच स्प्लिटरने पुन्हा तोच खेळ केला, कारण मी तो फेकून न देता ड्रॉवरमध्ये ठेवला होता आणि नंतर विसरून परत लावला. या वेळी फाइली सगळ्या जागेवर, जोडीतल्या दुसऱ्या डिस्कवरून येत होत्या, आणि सकाळी मेल आलेली: पूल 'डिग्रेडेड'. मेलची सोय मात्र आपण करून ठेवावी लागते. नाहीतर पूलची अवस्था दाखवणारं झेडपूल स्टेटस रोज बघायला कोण बसलंय?

त्या स्टेटसमध्ये रीड, राइट आणि सीकेसम (डेटा पडताळणीत किती वेळा चुकला ते) असे तीन रकाने असतात. सीकेसमखाली आकडा दिसला की नवखा माणूस डिस्क मेली म्हणून नवी मागवतो. मीही मागवणार होतो. आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघावेत. ५ आणि १९७ नंबरचे, म्हणजे बदललेले आणि प्रलंबित सेक्टर वाढत असतील तर डिस्कचंच खरं. १९९ नंबर, सीआरसीचा म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा, वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल. माझा १९९ वाढत होता. केबल बदलली, झेडपूल क्लिअरने आकडे पुसले, स्क्रब, म्हणजे सगळ्या डेटाची पडताळणी, चालवलं, पुन्हा आकडा आला नाही. १९९ चा जुना आकडा मात्र शून्यावर जात नाही, तो पुढे वाढतो का एवढंच बघायचं. हे निदान मर्जरएफएसवालाही करू शकतो, डिस्क त्याच असतात. फरक इतकाच की बघायला जा, असं त्याला सहसा कोणी सांगत नाही.

न्यायाने एक सांगायला हवं. माउंटखाली फाइली दडण्याचा प्रकार झेडएफएसमध्येही होऊ शकतो. पूल इंपोर्टच, म्हणजे सुरूच, झाला नाही आणि एखाद्या प्रोग्रॅमने त्या जागी फोल्डर करून लिहायला सुरुवात केली, तर तेच. पण तेव्हा सगळाच पूल गायब असतो. घरात पाच मिनिटांत बोंब होते.

म्हणून भाच्याला मी असं सांगितलं. सिनेमे, डाउनलोड, पुन्हा मिळणारं सामान असेल तर मर्जरएफएस आणि स्नॅपरेड, इम्युटेबलची युक्ती करून, खुशाल. अशा न बदलणाऱ्या मोठ्या फाइलींना स्नॅपरेड शोभतो. पण तुझ्याकडे आज शूट झालेलं आणि अजून पोचतं न केलेलं लग्न आहे. स्नॅपरेडची पॅरिटी शेवटच्या सिंकपर्यंतचीच, संध्याकाळी टाकलेलं आणि रात्री डिस्कसोबत गेलेलं परत येत नाही. मधल्या वेळात इतर डिस्कवरच्या जुन्या फाइली पुसल्या असतील तर आधीचं काही परत मिळायलाही अडचण येते. मिररवर लिहिलेलं त्याच क्षणी दोन ठिकाणी असतं. एक ८ ची घे, ८-८ आणि ४-४ लाव, २ ची बाजूला ठेव. १२ टीबी मिळतील, म्हणजे तुझ्या १० पेक्षा जास्तच. खर्च एका डिस्कचा.

"बघतो मामा," म्हणाला. 'बघतो' म्हणजे निपाणीत काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मीही ताणलं नाही.

काय लावलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही. काल रात्री साडेअकराला मात्र एका केबलीचा फोटो आला आणि खाली प्रश्न: "मामा, सीकेसमखाली ३ आलंय. ही बदलू काय?"